पाऊस हा पुरावा नव्हे

“एका बाईला आपण सुंदर आहोत असं वाटायला लागतं, कारण एका पुरुषाने तिला तसं सांगितलं. यात कौतुक करण्यासारखं काय आहे?”

गेल्या जूनमध्ये आमच्या पवईच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘थोडासा रूमानी हो जाएँ’ दाखवला. सिनेमा संपल्यावर खुर्च्या गोल मांडून आम्ही वीसेक जण बोलत बसलो होतो, तेव्हा एका पंचविशीतल्या मुलीने हे विचारलं. तिच्या आधी कंपन्यांमध्ये प्रशिक्षण देणारे एक गृहस्थ बोलले होते. हा सिनेमा म्हणजे आत्मविश्वासाचा धडा आहे, मनापासून मानलं की पाऊससुद्धा पडतो, आणि आपण आपल्या वर्गात यातले प्रसंग मुद्दाम दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. मुलीनंतर आमच्यातले एक जुने नाट्यरसिक म्हणाले, मुळात हे अमेरिकन नाटक, त्यावर अमेरिकन सिनेमा, त्यावरून हा हिंदी सिनेमा, आणि तोही यमकं जुळवत बोलणारा. यात आपलं असं काय आहे?

मी त्या संध्याकाळी बोलले नाही. जे फार जवळचं असतं त्यावर मला चारचौघांत लगेच बोलता येत नाही. पण ही तिन्ही म्हणणी मला चुकीची वाटतात, आणि एकमेकांशी वाद घालणारी ही तिन्ही माणसं चुकली ती एकाच ठिकाणी चुकली असंही वाटतं. हा सिनेमा माझ्या घरातल्या एका माणसाच्या आयुष्याशी इतका बांधलेला आहे की त्याच्यावर हे तीन शिक्के बसलेले बघून गप्प राहणं मला जमत नाही.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. अमोल पालेकरांनी हा सिनेमा १९९० साली केला. एक लहान गाव आहे, पाऊस रुसलाय, उकाड्याने माणसं एकमेकांवर खेकसताहेत. त्या गावातल्या एका घरात वडील, दोन भाऊ आणि लग्न न झालेली बिन्नी. बिन्नी हुशार आहे, सरळ बोलते, घर तिच्या जिवावर चालतं. पण ‘आपण दिसायला काही बऱ्या नाही, आता आपलं जमायचं नाही’ ही गोष्ट तिने मनाशी पक्की करून टाकली आहे. घरच्यांनी एक माणूस हेरून ठेवलाय, आपल्याच कोशात राहणारा. ती भूमिका विक्रम गोखल्यांची. आणि मग धृष्टद्युम्न पद्मनाभ प्रजापती नीलकंठ धूमकेतू बारीशकर एवढं नाव एका दमात सांगणारा एक भटक्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, पैसे द्या, मी पाऊस पाडतो. हा नाना पाटेकर. बिन्नी केली आहे अनिता कंवर यांनी. ‘बुनियाद’मधली लाजो म्हणून त्या काळी घराघरात त्यांना ओळखत. संगीत भास्कर चंदावरकरांचं. मूळ नाटक एन. रिचर्ड नॅश या अमेरिकन लेखकाचं, १९५४ सालचं ‘द रेनमेकर’. त्यावर १९५६ मध्ये तिकडे सिनेमा निघाला. त्यात कॅथरिन हेपबर्न आणि बर्ट लँकेस्टर होते.

सुरुवात प्रशिक्षक गृहस्थांपासून करते. त्यांचं बोलणं ऐकायला सगळ्यांत गोड होतं आणि मला सगळ्यांत जास्त लागलं तेही तेच.

मी म्हसवडची. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला आमचा माण तालुका डोंगराच्या पर्जन्यछायेत बसलाय. तिथे पाचशेच्या आसपास पडला तर ते वर्ष चांगलं गेलं असं म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि मी तिच्या शेजारी पोत्यावर बसून असायचे. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आणि मुलांना वाटायची सुकडी, यांची चव अजून माझ्या जिभेवर आहे. त्या कामावरच्या बायका दर सोमवारी उपास करायच्या, सिद्धनाथाला साकडं घालायच्या, आभाळाकडे बघत खडी फोडायच्या. आता मला सांगा, त्या बायकांचा विश्वास कुठे कमी पडला होता? श्रद्धेने पाऊस पडत असता तर माण तालुक्यात बारमाही नद्या वाहिल्या असत्या.

‘मनापासून मानलं की होतं’ या वाक्याची दुसरी बाजू अशी की झालं नाही, तर तुम्ही मनापासून मानलं नव्हतं. म्हणजे ज्याच्या शेतात पाऊस आला नाही त्यानेच काहीतरी कमी केलं. ज्याची नोकरी गेली, जिला मूल झालं नाही, ज्याचं दुकान बुडलं, त्या सगळ्यांच्या पदरात हा दोष आपोआप पडतो. सोन्याच्या वर्खात गुंडाळून दिलेली ही शिक्षा आहे आणि ती नेहमी आधीच पिचलेल्या माणसाला मिळते. हे पवईत बसून बोलणं तर मला अधिकच बोचतं. आमच्या खिडकीतून तलाव दिसतो. दर पावसाळ्यात तो भरून वाहिला की वर्तमानपत्रात बातमी येते आणि आम्ही फोटो काढायला जातो. पण १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत त्याचं नाव नाही. आमच्या नळाला येतं ते लांबच्या भातसा-वैतरणेचं. त्या धरणांच्या आसपासची शहापूर-मोखाड्याची गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. त्यांचं पाणी पिऊन आपण कोणाला म्हणायचं, की विश्वास ठेवा?

पाऊस पाडणारे खरेच होऊन गेलेत. चार्ल्स हॅटफिल्ड नावाच्या माणसाने सॅन डिएगो शहराचं धरण भरून देतो म्हणून १९१५ च्या अखेरीस दहा हजार डॉलरचा सौदा केला. १९१६ च्या जानेवारीत तिथे असा पाऊस झाला की एक धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि शहराने त्याला पैसे द्यायला नकार दिला. आपल्याकडे २०१५ साली मराठवाड्यावर सरकारने विमानांतून ढगांत क्षार फवारले. तेव्हाही प्रत्येक सरीनंतर एकच वाद रंगायचा: ही सर विमानाची की देवाची? पडलेल्या पावसाच्या थेंबावर तो कोणी पाडला ते लिहिलेलं नसतं. नॅशला हे ठाऊक होतं आणि पालेकरांनाही. म्हणून सिनेमात पाऊस येतो त्याचं कारण कोणी देत नाही, आणि तो येतो तेव्हा बिन्नीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पावसाच्या आधी सिनेमा थांबवला असता तरी तिच्या बाबतीत काही उणं राहिलं नसतं. प्रशिक्षक गृहस्थ पावसाला निकाल समजले, परीक्षेचा निकाल असतो तसा. मला वाटतं, पाऊस तिथे आनंद म्हणून आला आहे. गावात लग्न असलं की सगळ्यांच्या दारात रांगोळी पडते, तसा.

या संदर्भात मला राहून राहून आमच्याकडे येणारा नंदीबैलवाला आठवतो. सुगी झाली की तो यायचा. झूल घातलेला बैल, गळ्यात घुंगरं, आणि गुबूगुबू वाजणारं ते वाद्य. प्रत्येक दारात तो बैलाला विचारायचा, पाऊस पडेल का, आणि बैल मान डोलवायचा. तो दोरीला हिसका देतो म्हणून बैल मान हलवतो हे आम्हा पोरांनासुद्धा माहीत होतं. तरी आई सुपात बाजरी घेऊन बाहेर यायची, दुष्काळाच्या वर्षी मूठभर का होईना. फसत होती का ती? अजिबात नाही. गावातल्या कोणत्याही कचेरीत तिला ‘तुमच्याकडे पाऊस झाला का हो’ असं कोणी विचारलेलं नव्हतं. तो विचारायचा. तिच्या दारात उभा राहून, तिच्या काळजीचं नाव मोठ्याने घ्यायचा, आणि बैल हो म्हणायचा. मूठभर बाजरी त्या ‘हो’साठी होती. नंतर पाऊस पडला नाही म्हणून आमच्या गावात नंदीबैलवाल्याला कोणी जाब विचारलेला मी पाहिला नाही. बारीशकर समजून घ्यायला हा नंदीबैलवाला मला कोणत्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता नाट्यरसिक काका. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पवईत राहून शिवाजी मंदिरपर्यंत नाटकाला जाणारी माणसं आता मोजकीच. पण उसनवारीचा मुद्दा त्यांच्या तोंडी शोभत नाही, कारण ज्या रंगभूमीवर त्यांचं प्रेम आहे ती उसन्या गोष्टी आपल्या करूनच वाढली. देवलांचा ‘झुंजारराव’ हा ‘ऑथेल्लो’. ‘संशयकल्लोळ’ मोलिएरचं, तेही इंग्रजीच्या वाटेने आलेलं. फाल्गुनरावाला आज कोण फ्रेंच म्हणेल? पु. लं.ची ‘ती फुलराणी’ शॉची. आणि नॅशचं हेच नाटक पालेकरांच्या आधी वीस वर्षं मराठीत येऊन गेलं होतं. विजय तेंडुलकरांनी त्यावरूनच १९७० साली ‘अशी पाखरे येती’ लिहिलं. दुष्काळाचं शेतघर जाऊन तिथे मराठी मध्यमवर्गीय घर आलं. सरू, तिचा संघात जाणारा भाऊ, तिला बघायला येणारं स्थळ, आणि कुठूनसा टपकलेला अरुण.

बारकाईने पाहिलं तर एक फरक दिसतो. अमेरिकन नाटकात लिझीला, म्हणजे तिकडच्या बिन्नीला, घरचे लोक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठवतात, तिथल्या मुलांपैकी कोणाशी जमतंय का बघायला. तिला निदान बाहेर पडून बघायला मिळतं. आपल्याकडे ती बसते आणि बघायला येतात ते. खुर्च्या मांडलेल्या, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर, ‘चालून दाखव’, ‘काही वाचून दाखव’. हे नॅशला ठाऊक असण्याचं कारण नाही, ते आपल्याच घरांतलं आहे. इकडचा लेखक ही गोष्ट हातात घेतो तेव्हा ती जड होऊन जाते. लहान गावातली बिनलग्नाची मुलगी आणि बाहेरून आलेला माणूस, ही गोष्ट कोणाच्या मालकीची नाही. विल्यम इंजच्या ‘पिकनिक’ या नाटकात, १९५५ च्या त्याच्या सिनेमातही, कॅन्सासच्या गावात असाच एक माणूस येतो आणि एका दिवसात सगळ्यांचं स्थैर्य ढवळून टाकतो. खुद्द पालेकर नट म्हणून ‘चितचोर’मध्ये, १९७६ साली, असेच एका लहान गावात उतरले होते, दुसऱ्याच कोणासाठी केलेलं स्वागत त्यांच्या वाट्याला आलं होतं.

आणि यमकं? त्यांच्यावर तर माझा जीव आहे. या सिनेमात माणसं बोलता बोलता गद्य सोडून लयीत शिरतात. शहरातल्या प्रेक्षकाला ते नाटकी वाटतं, कारण शहरात बोलण्याला लय उरली नाही. आमच्या गावात पहाटे पिंगळा यायचा, वासुदेव यायचा, गोंधळी यायचे, आणि त्यांच्यापैकी एकही जण साध्या वाक्यात बोलायचा नाही. बाहेरून येणाऱ्याची भाषा ही अशी वेगळी असायचीच. त्यावरूनच कळायचं की हा उधारी मागायला किंवा निरोप सांगायला आलेला नाही. घरातलं बोलणं म्हणजे किती वाजले, पाणी आलं का, पत्राचं काय झालं. या बोलण्यात तीस वर्षं अडकलेल्या मुलीपुढे कोणी लयीत बोलायला लागलं, तर तिच्या कानांना काय होत असेल, याचा विचार काकांनी करावा. नाटकावरून सिनेमा करताना नाटकाचं नाटकपण पुसून टाकलंच पाहिजे, हा नियम कोणी केला? पालेकर रंगभूमीवरून आलेले आहेत. ‘काळाय तस्मै नमः’ या खानोलकरांच्या नाटकावरून त्यांनी १९८५ मध्ये ‘अनकही’ केला, तो आधी बघावा.

आता ती मुलगी. तिचं नाव मला माहीत आहे, ते इथे लिहिणार नाही. पण हे सगळं मी मुख्यतः तिच्यासाठी लिहिते आहे, कारण तिचा राग खरा आहे. तिला ज्या सिनेमांचा राग आहे त्यांचा मलाही आहे. चष्मा काढला, वेणी सोडली, साडी बदलली आणि नायिका एकदम सुंदर झाली, मग नायकाचं लक्ष गेलं, असे सिनेमे पाहत मी मोठी झाले. या सिनेमाला तिने त्याच रांगेत बसवलं.

पण बाई गं, बिन्नी कुरूप आहे हे बिन्नीला कोणी सांगितलं? तू बारीशकरचं एक वाक्य मोजलंस, त्याआधीची हजार वाक्यं मोजली नाहीस. तिचा भाऊ तिला तोंडावर सांगतो, तिच्या भल्यासाठी म्हणून सांगतो. तिच्या वडिलांची काळजी रोज सांगते. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर सांगते. हे इतक्या वर्षांचं, इतक्या माणसांचं मत आहे की ते मत आहे हेच कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही. ते आता तिचं वर्णन झालंय, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असावी तसं. बारीशकर येतो आणि त्या दाखल्याविरुद्ध साक्ष देतो, एवढंच. साक्ष देणारा लबाड असेल, असेलच. पण ज्या खटल्यात आजवर एकाही माणसाने आरोपीच्या बाजूने तोंड उघडलं नव्हतं, तिथे तो उभा राहिला.

खटला हा शब्द मी मुद्दाम वापरते. पालेकर पहिल्यांदा पडद्यावर दिसले ते १९७१ साली, सत्यदेव दुबेंच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये. तोही नाटकावरून केलेला सिनेमा. तिथेही एक लहान गाव आहे, तिथेही बाहेरून माणसं येतात, आणि तिथेही एक बिनलग्नाची बाई आहे, बेणारे. मुंबईची ही नाटकमंडळी वेळ घालवायला खोटं कोर्ट मांडतात आणि बघता बघता तिच्या अख्ख्या आयुष्याची चिरफाड करतात. तिच्या बाजूने एक जण बोलत नाही. सगळे निघून गेल्यावर तिच्यापाशी हिरव्या कापडाचा एक पोपट हळूच ठेवून जातो तो त्या गावातला साधा सामंत. तेवढीच माया तिच्या वाट्याला येते. १९७१ मध्ये त्या सिनेमात काम केलेला नट एकोणीस वर्षांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा एका बिनलग्नाच्या बाईला आणि एका लहान गावाला समोरासमोर आणतो, आणि या वेळी बाहेरून आलेला माणूस बाईच्या बाजूने बोलतो. योगायोग असेल. मला तसं वाटत नाही.

तू त्या दिवशी म्हणालीस की तिने स्वतःच स्वतःला सांगायला हवं होतं. तिचं मोल तिच्या आतच असायला हवं, बाहेरून कोणी कशाला द्यायचं? हे वाक्य ऐकून मी दचकले, कारण अर्ध्या तासापूर्वी प्रशिक्षक गृहस्थ हेच म्हणाले होते. सगळं तुमच्या आत आहे, तुम्ही एकट्याने ते बाहेर काढायचं. तू त्यांच्याशी तावातावाने भांडलीस, पण उभी राहिलीस त्यांच्याच ओसरीवर. एकट्याने कोणाला स्वतःचं मोल कळतं? मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. फिल्टरपाड्यावरून, चैतन्यनगरातून पोरं यायची. आपलं अक्षर चांगलं आहे, आपल्याला गोष्ट सांगता येते, हे एकाही पोराला आपलं आपण कळलेलं मी पाहिलं नाही. वही वर उचलून ‘बघा रे याने काय लिहिलंय’ असं कोणीतरी म्हणावं लागतं. म्हटल्यावर मात्र ते पोराचंच होतं, बाईंचं राहत नाही. बाहेरून आलेलंही असं आपलं होतं, हीच गोष्ट तुमच्या तिघांच्याही नजरेतून सुटली.

तुझ्या बाजूचंही बोलते. बिन्नीच्या घरात दुसरी बाई नाही. बापाची, भावांची, भावी नवऱ्याची आणि या भटक्याची, अशी सगळ्या पुरुषांचीच मतं तिच्याभोवती फिरत राहतात. ती साक्ष एखाद्या मावशीने, मैत्रिणीने, विहिरीवरच्या शेजारणीने दिली असती तर मला जास्त आवडलं असतं, आणि प्रत्यक्षात आपल्यातल्या कितीतरी जणींना ती तशीच मिळते. हा दोष नॅशच्या नाटकातून आलाय आणि पालेकरांनी तो दुरुस्त केला नाही. पण ‘साक्षीदार पुरुष आहे’ आणि ‘साक्ष खोटी आहे’ या दोन गोष्टी एक नाहीत.

आणि शेवट आठव. ती त्याच्याबरोबर जात नाही. तिला पुरुषाची गरज होती म्हणून तो आला असता, तर ज्याने तिला जागं केलं त्याचा हात धरून ती निघाली असती. प्रेमाच्या सिनेमाचा रिवाज तसाच आहे. ती राहते. आजवर लोक तिला बघायला आले, तिच्याबद्दल ठरवून गेले. आता ठरवण्याची पाळी तिची आहे आणि ती ठरवते. तू म्हणशील, राहिली तरी दुसऱ्या पुरुषासाठीच. असेल. पण नकार फक्त समोरच्याने द्यायचा असतो हे ज्या घरात गृहीत असतं, तिथे एका माणसाला ‘नाही, तू जा’ म्हणता येणं केवढं असतं, ते तुला कदाचित माहीत नाही. माहीत नसेल तर मला फार बरं वाटेल.

मला ते माहीत आहे ते माझ्या ताईमुळे.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. १९७९ पासून सात वर्षांत तिला तेरा स्थळांनी पाहिलं. आमचं घर लहान, म्हणून शेजारच्यांच्या खुर्च्या आणाव्या लागायच्या आणि त्या परत द्यायला मी जायचे. मी खुर्ची ठेवायच्या आत शेजारच्या काकू विचारायच्या, काय म्हणाले गं? नकार पोस्टकार्डावर यायचा. पत्रिका जुळत नाही, एवढंच लिहिलेलं. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे आमच्या हातात पडेपर्यंत ते निम्म्या गल्लीने वाचलेलं असायचं. मुलगी सावळी आहे, उंच आहे, आवाज जाड आहे, हे आम्हाला मागाहून कोणाकोणाकडून कळायचं. घरात कोणी तिला वाईट बोललं नाही. वडील फक्त म्हणायचे, बघू, पुढच्या वर्षी. आई तिच्या चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि हळद लावायची, इतक्या प्रेमाने की त्या प्रेमाचाच ताईला त्रास व्हायचा. चौदावं स्थळ यायच्या आदल्या दिवशी ताईने सांगितलं, मला नको. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, खुर्च्या आणून कंटाळा आला. ती नर्सचं शिक्षण घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली होती. पुढे आयुष्यभर तिथल्या तालुक्यातली बाळंतपणं केली.

पण आरशात ती बघायची नाही. भांगसुद्धा चाचपून पाडायची. तेरा कुटुंबांनी जे ठरवलं ते तिने नोकरी लागल्यावरही मोडून काढलं नव्हतं. नोकरीने माणूस पायावर उभं राहतं हे खरं. तरी आपल्याकडे बघून कोणाला आनंद होईल हे तिला एकदाही वाटलं नाही.

१९९३ साली माझ्या बाळंतपणाला ती पवईला आली. आम्ही तेव्हा आयआयटीच्या मेन गेटसमोर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाळ रात्रभर जागवायचं, म्हणून एका शनिवारी माझ्या नवऱ्याने मार्केटमधून व्हीसीआर आणि दोन कॅसेटी आणल्या. एक मारामारीची होती, ती लावलीच नाही. दुसरी ही. बाळाला मांडीवर घेऊन ताई बघत होती. बारीशकर बिन्नीशी बोलतो तो प्रसंग संपला तेव्हा ती म्हणाली, मागे घे. मी मागे घेतलं. संपल्यावर परत म्हणाली, मागे घे. बाळ झोपलं होतं, तरी तिने त्याला खाली ठेवलं नाही. तिसऱ्यांदा झाल्यावर काही बोलली नाही, उठून बाळाला पाळण्यात ठेवलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. मोरीत एक छोटा आरसा होता, नवऱ्याच्या दाढीचा.

कॅसेट सकाळी दहाच्या आत परत द्यायची होती. दहा वाजले तरी ती टीव्हीवरच पडलेली होती. नवरा न्यायला लागला तेव्हा ताई म्हणाली, आजचा दिवस राहू द्या, आणि दुसऱ्या दिवसाचं भाडं तिने आपल्या पर्समधून काढून त्याच्या हातावर ठेवलं.